पत्र्याच्या आतला माणूस

माझ्या हातून एक विमान झाले आहे असे मी सांगितले की गोव्यातल्या आमच्या कोरगावातली माणसे आधी माझ्या तोंडाचा वास घेतात. काजूच्या दारूचा हंगाम असला तर दोनदा घेतात. त्यांचाही दोष नाही. ज्या माणसाने तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत बसगाड्यांना पत्रे मारण्यात जन्म घालवला, त्याने विमानाच्या गोष्टी सांगाव्यात म्हणजे जरा अतिच. पण गोष्ट खरी आहे. दोन माणसांनी बसायचे, पुढे एक पंखा असलेले, ॲल्युमिनियमचे विमान. त्याच्या शेपटीपासून पंखांच्या टोकापर्यंतचा एकूण एक पत्रा मी बसवला. म्हणजे आम्ही बसवला. हे 'मी' खोडून 'आम्ही' करण्यासाठीच लिहायला बसलो आहे, नाहीतर दिवाळी अंकवाले तीन वर्षे मागे लागले होते तरी मी दाद दिली नव्हती.

आधी बसचे सांगतो. सांगाडा चौकोनी नळ्यांचा, त्यावर बाहेरून पत्रा. पत्रा ताणून बसवायचा, नाहीतर उन्हात पापडासारखा फुगतो. भोक चुकले तर पुटी भरायची, वर रंग, आणि रंगावर मोर नाहीतर गरुड. शास्त्र एवढेच. गिऱ्हाइके मात्र एकेक नमुने. डिचोलीच्या एका बसमालकाला काचेसमोर एवढा मोठा देव्हारा हवा होता की ड्रायव्हरला अर्धा रस्ता दिसला नसता. मी तसे म्हणालो तर तो म्हणाला, "ड्रायव्हराक दिसना जाल्यार देवाक दिसता मू!" शेवटी 'हे माप भटजींकडून विचारून आणलेय' असे ठोकून दिले आणि दहा इंचांचा देव्हारा केला. तो पाया पडून घेऊन गेला. थाप मारायची तर अंगाला घाम येऊ द्यायचा नाही, हे मी त्या धंद्यात शिकलो, आणि पुढे तेच मला नडले.

मारुती त्याच धंद्यात माझ्या हाताखाली आला. गडहिंग्लजच्या बाजूचा, एवढासा माणूस, माझ्या खांद्याला लागेल न लागेल. हाताखाली आला म्हणतो, पण वर्षभरातच तो बरोबरीला आला. तुयेला एका खोलीत राहायचा. बायको-मुले गावाकडे. रविवारी चोपड्याला नदीवर जाऊन मासळी आणायचा आणि आमच्या घरी घेऊन यायचा, कारण त्याला ती साफ करता येत नसे. "वैनी, ह्यो मासा हाय का काट्याचं बंडल?" असे म्हणत सगळा खायचा. अशी अठरा वर्षे गेली. मग बसची शेड बंद पडली आणि आम्ही दोघे एकदमच मोकळे झालो.

सुरेशबाब तेव्हा आले. तीस वर्षे बोटीवर इंजिनियर होते. निवृत्त झाले आणि त्यांनी परदेशातून विमानाच्या पेट्या मागवल्या. पेट्यांत भाग असतात, विमान आपण जोडायचे. इस्टेटीतली एक शेड त्यांनी भाड्याने घेतली. वर्षभर एकट्याने खटपट केली आणि मग कुणीतरी त्यांना माझे नाव सांगितले. मी मारुतीला बरोबर घेऊन गेलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावले, "पुंडलिक, हें बशीचें काम न्हय. हांगा पुटी ना." दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती स्क्रायबरची. स्क्रायबर म्हणजे पोलादी टोकाची पेन्सिल. पत्र्यावर खूण करायला आम्ही तीच वापरायचो, माझ्या तर ती कायम खिशाला असे. विमानाच्या पत्र्यावर तिला बंदी. पत्रा दोन पोस्टकार्डांएवढा जाड. त्यावर ओरखडा उठला की वर जाताना, खाली येताना, हादरा बसताना पत्रा तिथेच दमतो आणि एक दिवस त्या रेघेवर फाटतो. खुणा करायच्या त्या शाईच्या पेनने. ओरखडा उठलाच तर त्यावरून नख फिरवायचे. नख अडले तर पत्रा बाद.

काम कसे चालते ते सांगतो. पत्र्याला भोके पाडूनच येतात. पत्रा सांगाड्यावर ठेवायचा आणि भोकांत स्प्रिंगच्या पिना घालायच्या, शेकड्यांनी. विमान साळिंदरासारखे दिसते. सगळे जुळले की सगळ्या पिना काढायच्या, पत्रा उतरवायचा, प्रत्येक भोकाची धार दोन्ही बाजूंनी घासायची, भोकाभोवती रिव्हेटचे डोके बसेल एवढी खोलगट वाटी दाबायची, आणि पत्रा पुन्हा चढवायचा. मग रिव्हेट. एक माणूस बाहेरून हवेच्या बंदुकीने रिव्हेटच्या डोक्यावर मारतो. दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा धरतो, त्याला डॉली म्हणतात. बाहेरचा मार आणि आतला ठोकळा यांच्यात रिव्हेट चेपला जातो. आतल्याने डॉली जरा तिरकी धरली की रिव्हेट वाकडा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत आणि बोललेले ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर टिचकी मारतो. एक टिचकी म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झाले. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

बाहेरचा मी, आतला मारुती. शेपटीकडचा भाग निमुळता होत जातो, तिथे तोच शिरू शकायचा. पोटावर सरपटत आत जायचा, एका हातात दिवा, दुसऱ्यात डॉली. सुरेशबाबांनी कानांवर लावायचे मोठे टोपण आणले होते, पण ते लावून डोके आत जाईना. मारुती कापसाचे बोळे घालायचा. नंतर नंतर तो मोठ्याने बोलू लागला होता. आम्ही म्हणायचो कोल्हापूरकरांचा आवाजच तो.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते. लग्नाचे, मुलांच्या जन्माचे दिवस वगळून म्हणायला हवे, पण बायको हे वाचणार आहे हे माहीत असूनही मी वगळत नाही. सकाळी पोदेराकडचे उंडे पाव आणि चहा, मग अकरा-साडेअकरापर्यंत सलग काम. मार, टिचकी टिचकी, पुढचा. मार, टिचकी टिचकी, पुढचा. तासन् तास एक शब्द नाही, आणि तरी पत्र्यापलीकडचा माणूस कधी श्वास घेतो आहे तेही मला कळायचे. असे मला दुसऱ्या कुणाचे कधी कळले नाही.

एकेक भाग कायमचा बंद करण्याआधी मी गाऱ्हाणे घालायचो. आमच्या पेडण्यात विहीर खणायची असो की जावळ काढायचे असो, आधी गाऱ्हाणे. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. सुरेशबाबांची एकच अट होती, नारळ शेडच्या बाहेर फोडायचा, पाणी पत्र्यावर नको. मग मी म्हणायचो, "ह्या विमानात जो कोण बसतलो, तेका सुखरूप जमनीर हाड म्हाराजा!" सुखरूप जमिनीवर आण, एवढेच मागणे. सुरेशबाब आणि मारुती म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" मारुतीचा 'म्हाराजा' असा खणखणीत यायचा की शेजारच्या शेडमधले लोक डोकावायचे.

आता ती रेघ.

शेपटीकडचा डावा पत्रा आम्ही बसवत होतो. आतल्या बाजूला वायर धरणारी एक पट्टी बसायची होती. पत्रा चढवण्याआधी मी तिची जागा आखत होतो. सुरेशबाब पेडण्याला गेलेले, मारुती बाहेर हात धूत होता. माझा हात खिशाकडे गेला, स्क्रायबर निघाला, आणि वीतभर रेघ मारूनही झाली. जन्माची सवय. हाताला डोके नसते. रेघ नेमकी पत्र्याच्या वाकाजवळ होती. मी नख फिरवले. अडले.

पत्र्यांवर निळा प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ओरखडे उठू नयेत म्हणून. रिव्हेटच्या ओळीपुरता तो सोलायचा, बाकीचा अगदी शेवटी. त्या पापुद्र्याचा एक तुकडा घेऊन मी रेघेवर चिकटवला आणि अंगठ्याने गुळगुळीत केला. नवा पत्रा मागवायचा म्हणजे बोटीने यायला चार-पाच महिने. आणि पुंडलिक मिस्त्रीने पत्रा फुकट घालवला असा इस्टेटीत बोभाटा होणार. मी अंगाला घाम येऊ दिला नाही. पुढचे तीन दिवस तो पत्रा आम्ही दोघांनी रिव्हेट केला.

वरचा पत्रा घालून शेपटी बंद करायच्या दोन दिवस आधी मारुती आत शिरला, पापुद्रे सोलून फडक्याने पुसायला. बराच वेळ दिवा एका जागी थांबलेला मला दिसला. तो बाहेर आला तेव्हा सुरेशबाब फोनवर होते. तो हळू बोलला, त्याच्या मानाने.

"मिस्त्री, आत रेघ कुणी वडलीया?"

"रेघ ती रेघ. बशीक कितक्यो मारल्यो आपण," मी म्हणालो.

"बस बिघडली तर कडंला लावत्यात. ह्ये कुठं लावायचं?"

मी पिना गोळा करू लागलो. तो म्हणाला, "बाबांस्नी तुमीच सांगा." आणि पुन्हा कामाला लागला.

दोन दिवस त्याने विषय काढला नाही. मीही नाही. दर तासाला ठरवायचो की आता सांगू, आणि सुरेशबाब समोर आले की 'चहा सांगू?' असे विचारायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटला. आम्ही तिघे विमानाशेजारी उभे राहिलो. मी हात जोडून म्हटले, "जो कोण बसतलो, तेका सुखरूप जमनीर हाड म्हाराजा." सुरेशबाब म्हणाले, "व्हय म्हाराजा." एकटेच. मी मारुतीकडे न बघता पुढे म्हटले, "आमच्या हातून जां काय चुकलां-माकलां आसात, तां पोटात घाल म्हाराजा." पुन्हा सुरेशबाबांचा एकट्याचा आवाज. त्यांनी चमकून मारुतीकडे पाहिले. मारुतीचे हात जोडलेले होते, तोंड मिटलेले.

त्याने हात पुसले आणि सुरेशबाबांना सांगितले की आईला बरे नाही, गावाला जावे लागेल. माझ्याकडे बघून मान हलवली. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

रागाने माझे डोके फुटायची वेळ आली. एवढासा माणूस, मी त्याला रिव्हेट धरायला शिकवले, आणि देवासमोर माझी लाज काढतो! दुसऱ्या दिवशी इस्टेटीतलाच एक बारका गडी आत घातला आणि काम सुरू केले. चौथ्या रिव्हेटला मी थांबलो. गडी मन लावून दोन टिचक्या मारत होता, पण त्याला काय माहीत तो कशाला 'झाले' म्हणतो आहे. माझ्या हातातली बंदूक पुढे जाईना.

सुरेशबाबांना मी आत दिवा धरून रेघ दाखवली. त्यांनी वाकून नख फिरवले, दोनदा. मग विचारले, "मारुतीक खबर आसलें?"

"व्हय."

"म्हणून गेलो तो?"

"व्हय."

ते स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरे झाले असते. "पुंडलिक," ते म्हणाले, "ह्या विमानांत पयलो हांव बसतलों. हें तुका खबर आसलें मू?" मी मान खाली घातली. ते उठले आणि म्हणाले, "ड्रील हाड."

सगळे रिव्हेट ड्रिलने काढले. नवा पत्रा पाच महिन्यांनी आला. त्याची किंमत मी कापून घ्यायला सांगितली, सुरेशबाबांनी तो विषयच काढू दिला नाही. पत्रा आला तेव्हा ते म्हणाले, आत आता कुणाला घालायचे? मी म्हणालो, मी जातो. माझे वय तेव्हा अठ्ठावन्न आणि पोट त्याहून पुढे. मारुती जिथे सरपटत जायचा तिथे मला ते आणि तो गडी मिळून ढकलत. बाहेरून बंदूक सुरेशबाबांची. पहिला मार बसला आणि मला वाटले डोक्यात कुणी पाट्याने ठेचते आहे. कापूस नावालाच. तीन दिवसांचे काम होते ते. पुढे महिनाभर माझ्या कानांत रातकिडे ओरडत होते. मारुतीने हे वर्षभर केले होते आणि एकदाही मी त्याला विचारले नव्हते की आत कसे वाटते.

त्यानंतर मी त्याला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. म्हणाली, "त्यास्नी फोनवर न्हाई बोलाय येत." आवाजात राग नव्हता, पण मी तो ऐकला. म्हटले, ठीक आहे, बोलायचे नाही तर नाही. पुन्हा केला नाही. अशी दोन वर्षे गेली.

विमान पूर्ण झाले. पंख वेगळे करून ट्रकवर चढवले आणि घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडले. कागदपत्रे, तपासण्या यांत बराच काळ गेला. मग आधी सुरेशबाब गेले, जाणत्या वैमानिकाबरोबर, आणि सुखरूप उतरले. उतरल्यावर त्यांनी मला बोलावले. मी दहा मिनिटे वर होतो. खाली उसाची शेते, एक तळे, लाल रस्ता. लोक विचारतात भीती वाटली का. भीती नाही वाटली. मी हात बाजूच्या पत्र्याला लावून बसलो होतो, पत्रा थरथरत होता, आणि मला मारुतीची एवढी आठवण आली की उतरल्यावर सुरेशबाबांना वाटले मला हवा लागली.

आता मोपा विमानतळाची विमाने दिवसभर कोरगावावरून जातात. मी अंगणात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसतो आणि प्रत्येक विमान गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघते. गेल्या गणपतीच्या चवथीनंतर ती म्हणाली, "वचून येयात एकदां मारुतीकडेन. कितलीं वर्सां तोंड फुगोवन रावतलात? तो मेलो जाल्यार कोणाचेर फुगतलात?"

गेलो. गडहिंग्लजला एसटी बदलून, पुढे वडापच्या जीपने. मारुती दारात बसून चाळण्याला तार मारत होता. मी समोर उभा राहिलो तरी त्याने वर पाहिले नाही. सावली पडली तेव्हा पाहिले. एकदम उठला, माझे दोन्ही दंड धरले आणि केवढ्याने तरी ओरडला, "मिस्त्री! आरं, मिस्त्री आलं की गं!"

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी घसा साफ केला. वाटेत सगळे वाक्य जुळवून ठेवले होते. हळू आवाजात म्हणालो, "मारुती, ती रेघ..." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची बायको म्हणाली, "भावजी, त्यास्नी ऐकाय येत न्हाई. गोव्यासनं आल्यापास्नं कमीच हाय, आता पार गेलंय. मोठ्यानं बोलायला लागतंय."

फोनचे मला तेव्हा कळले. तिने फोनवर खरे तेच सांगितले होते.

मी मोठ्याने म्हणालो. त्याने मान हलवली, नाही. आणखी मोठ्याने म्हणालो. शेवटी मी उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ती रेघ मी मारलेली! मी लपवलेली!" समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. कुंपणावरून एक म्हातारा डोकावला. जे मी एका माणसाला शेडमध्ये कुजबुजून सांगू शकलो नाही ते सगळ्या गल्लीने ऐकले.

"म्हायती हाय की," मारुती म्हणाला. "सांगितलं का बाबांस्नी?"

"सांगितलं!"

"तुमी हून?"

"मी हून!"

"मग झालं." त्याचे खांदे सैल पडले. "मी तितं ऱ्हायलो आसतो तर तुमी सांगितलं नसतं. आन् सांगितलं आसतं तरी मारुतीनं सांगाय लावलं, आसं झालं आसतं. म्हनून म्हटलं, आपुन निघावं."

इतकी वर्षे ज्या गोष्टीचा मी राग धरला, ती त्याने माझी अब्रू राखण्यासाठी केली होती. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"पत्रा काढला आसंल मग," तो म्हणाला.

"काढला! नवा घातला!"

"आत कोन शिरलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवले. त्याने माझ्या पोटाकडे पाहिले आणि असा हसला की कुंपणावरचा म्हाताराही हसायला लागला. हसणे ओसरल्यावर तो हातातली तार उगाच वाकवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काढल्यालं रिव्हेट माज्या हातचं हुतं. दोनशेच्या वर आसतील. कसं निघालं?"

हा प्रश्न त्याने किती दिवस पोटात ठेवला होता कुणास ठाऊक. मी ओरडून सांगितले, "एकही सैल नव्हता! एकही वाकडा नव्हता! काढता काढता आमचे हात मोडले!"

"काय?"

मी आणखी मोठ्याने ओरडलो.

"काय?"

मी तिसऱ्यांदा ओरडलो. माझा घसा बसला. तेव्हा त्याची बायको दारातून पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, त्यास्नी पयल्या येळंलाच ऐकाय आलंय."

मी चौथ्यांदा ओरडलो.